बंदुकीचा धक्का : वहीतला आणि खांद्यावरचा

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत आला की बंदुकीचे उदाहरण हमखास येते. गोळीचे वस्तुमान आणि वेग दिलेला असतो, बंदुकीचे वस्तुमान दिलेले असते. बंदूक किती वेगाने मागे येईल ते काढायचे. उत्तराखाली रेघ मारून मुले पुढच्या गणिताकडे वळतात. पेठसारख्या तालुक्यात मात्र हा प्रश्न वहीत संपत नाही. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले इथल्या वर्गांतही असतात. नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, देवळालीला तोफखान्याचे विद्यालय आहे. उद्या यांपैकी कोणाच्या तरी खांद्याला खरोखरच बंदुकीचा दस्ता लागेल. तेव्हा हे गणित आपण एकदा शेवटपर्यंत नेऊ.

उदाहरणासाठी क्रीडास्पर्धेतली बारा बोअरची छर्र्यांची बंदूक घेऊ. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. काडतुसात २४ ग्रॅम छर्रे आहेत आणि ते सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटतात असे धरू. त्यांचा संवेग ०.०२४ × ४०० = ९.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पण नळीतून केवळ छर्रेच बाहेर पडत नाहीत. त्यांच्यामागची प्लॅस्टिकची वाटी आणि दारू जळून झालेला वायूही सुटतो. वायू जेमतेम दीड ग्रॅम, पण त्याचा वेग छर्र्यांहून कितीतरी जास्त. हे सारे धरून एकूण संवेग साधारण १२.५ होतो. बंदूक ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला सुमारे साडेतीन मीटर वेगाने मागे येईल.

आता ऊर्जा काढू. छर्र्यांची गतिज ऊर्जा १९२० जूल येते, बंदुकीची मात्र केवळ २२ जूल. संवेगात फारसा फरक नाही, मग ऊर्जेत एवढी तफावत का? ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो म्हणून. खांदा शाबूत राहतो तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. छर्रे नळीतले सुमारे ७० सेंटीमीटर अंतर तोडतात, तेवढ्या वेळात बंदूक किती मागे सरकते? वस्तुमानांच्या गुणोत्तरावरून उत्तर येते अर्धा-पाऊण सेंटीमीटर. म्हणजे खांद्याला मुख्य धक्का जाणवतो तोवर छर्रे नळीबाहेर पडलेले असतात. नवशिक्याचा नेम बहुधा धक्क्याने चुकत नाही, धक्क्याच्या भीतीने चुकतो. चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आकसतो आणि नळीचे तोंड हलते. भरलेल्या बंदुकीच्या बाबतीत हे धोक्याचेही आहे. ओळखण्याचा उपाय सोपा आहे : प्रशिक्षकाने शिकणाऱ्याला न सांगता मधूनच निकामी, सरावाचे काडतूस भरावे. बार होत नाही, तरी नळी खाली झुकलेली दिसते. यात भित्रेपणा काही नाही. शरीर एकदा सोसलेला मार लक्षात ठेवते, इतकेच. आवाजही १५० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांना संरक्षण हवेच.

मग धक्का कमी कसा करायचा? बाजारात त्यासाठी अनेक वस्तू मिळतात. त्या विकत घेण्याआधी हाच हिशेब मांडावा. ३२ ग्रॅमचे काडतूस वापरले तर त्याच बंदुकीत धक्क्याची ऊर्जा सुमारे ३६ जूल होते. म्हणजे हलक्या काडतुसाने ती जवळजवळ ४० टक्के घटते आणि वेगळा खर्च काही नाही. उलट दस्त्यात ३०० ग्रॅम वजन भरले तर २२ जूलचे २० होतात. हलकी बंदूक उचलायला सोयीची वाटते, पण तिचा धक्का जास्त बसतो. नवशिक्याच्या हाती हलकी बंदूक आणि जड काडतूस देणे म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी घाबरवून सोडणे होय.

काडतुसानंतर उभे राहण्याची पद्धत आणि दस्त्याची लांबी. पुढच्या पायावर थोडा भार द्यावा आणि दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवावा. मध्ये फट राहिली तर बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते. घट्ट धरली तर खांद्याचेही वस्तुमान तिच्याबरोबर मागे जाते.

त्यानंतर दस्त्यामागची रबरी गादी. २२ जूल ऊर्जा २ सेंटीमीटर अंतरात जिरली तर सरासरी बल ११०० न्यूटन; गादीने हेच अंतर ३ सेंटीमीटर केले तर बल सुमारे ७३० न्यूटन. झेल घेताना हात मागे नेतो, तसेच हे. नळीच्या तोंडाशी वायूसाठी भोके पाडण्याचा उपाय सर्वांत शेवटी. छर्र्यांच्या बंदुकीत तिथवर वायूचा दाब बराच उतरलेला असतो, त्यामुळे फायदा थोडाच होतो आणि आवाज मात्र वाढतो.

तोफेतही तत्त्व हेच आहे. पूर्वी प्रत्येक बारानंतर अख्खी तोफ मागे जाई आणि नेम पुन्हा धरावा लागे. १८९७ मध्ये फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेत नळी तेवढी मागे सरकू लागली. तिची ऊर्जा अरुंद वाटेने ढकलल्या जाणाऱ्या तेलात जिरे आणि दाबलेली हवा नळीला जागेवर आणी. आजच्या ओढून नेण्याच्या तोफांतही नळीच्या मागे सरकण्याची अशीच सोय असते.

वर्गात बंदुकीची गरज नाही. एका फळीवर तीन खिळे ठोका : पुढे दोन, मागे एक. पुढच्या दोन खिळ्यांना रबर अडकवा, ते मागे ओढून मागच्या खिळ्याला दोऱ्याने बांधा. ताणलेल्या रबरासमोर दगड ठेवा आणि फळी गोल पेन्सिलींवर टेकवा. मुलांना बाजूला उभे करून शिक्षकांनी दोरा जाळावा. दगड पुढे जाईल, फळी मागे. मग दुप्पट वजनाचा दगड घ्या; नंतर फळीवर वजन ठेवा. फळी कधी जास्त मागे जाते आणि कधी कमी, ते मुलांना आधी वर्तवू द्या आणि मगच मोजू द्या.