व्हिममध्ये वेलांटी खोडायला गेलं की अख्खं अक्षर का उडतं?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी तुम्ही व्हिममध्ये टाइप करताय. ‘वणी’ऐवजी चुकून ‘वणि’ झालं. कर्सर ‘णि’वर नेऊन एक्स दाबलं, की वेलांटीसोबत ‘ण’ही गायब! यादी शेकडो गावांची असेल तर डोकंच फिरतं.

हा बिघाड नाही. डच प्रोग्रामर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये आणलेला हा एडिटर काळ्या टर्मिनलमध्ये, माउसशिवाय चालतो. जुन्या लॅपटॉपवरही तो हलका वाटतो. युनिकोडमध्ये ‘णि’ म्हणजे दोन चिन्हं : ‘ण’ आणि त्याला जोडलेली वेलांटी. व्हिम या दोघांना एकच अक्षर समजून एकदम पुसतो.

उपाय एका ओळीचा आहे. होम फोल्डरमध्ये ‘डॉट व्हिमआरसी’ नावाची फाइल असते. नसेल तर बनवा. तिच्यात इंग्रजी अक्षरांत ‘सेट डेलकंबाइन’ लिहा. व्हिम पुन्हा उघडला की एक्स दाबल्यावर फक्त वेलांटी जाते, ‘ण’ जागेवर राहतो.

पण एक गंमत आहे. ही फाइल नसते तेव्हा व्हिम स्वतःची तयार सेटिंग्ज वापरतो. तुम्ही फाइल बनवली, अगदी एका ओळीची, की तो ती सोडून देतो. मग कोडमधले रंग गेले म्हणून नवखी मंडळी घाबरतात. ‘सिंटॅक्स ऑन’ ही ओळ जोडली की रंग परत येतात.

दुसरी अडचण कीबोर्डची. इनस्क्रिप्टमध्ये एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त येतात. व्हिममध्ये कर्सर हलवायच्या कळा नेमक्या ह्याच! मराठी कीबोर्ड चालू राहिला तर कर्सर जागचा हलत नाही. ‘लँगमॅप’ या सेटिंगमध्ये ‘प म्हणजे एच, र म्हणजे जे’ अशा जोड्या देता येतात. टाइप करताना मात्र ‘प’ हा ‘प’च उमटतो. सुरुवातीला या चारच जोड्या पुरेत.

जोडाक्षरं तुटलेली दिसली तर आधी तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथं नीट दिसली, तर दोष टर्मिनलच्या दाखवण्याचा, तुमचा मजकूर शाबूत आहे.

डेलकंबाइन नकोसं वाटलं तर ती ओळ काढून टाका. तेवढ्यापुरतंच बंद करायचं असेल, तर कोलन देऊन ‘सेट नोडेलकंबाइन’ लिहा.