उटीतला 'कल बंगला': तोडांच्या कुरणावर उभं राहिलेलं पहिलं दगडी घर

उटी म्हटलं की आपल्याला तळं, टॉय ट्रेन, बोटॅनिकल गार्डन आणि घरच्यांसाठी आणलेलं चॉकलेट आठवतं. पण ज्या घरापासून आजचं हे शहर वाढत गेलं, ते बघायला फारसं कुणी जात नाही. ते घर आजही उभं आहे. इंग्रजांनी त्याला 'स्टोनहाऊस' म्हटलं, तर स्थानिक लोक त्याला 'कल बंगला' म्हणतात. तमिळमध्ये 'कल' म्हणजे दगड.

हे घर बांधलं कुणी?

जॉन सलिव्हन हा ईस्ट इंडिया कंपनीचा कोइंबतूरचा कलेक्टर होता. खाली मैदानात उन्हाने जीव नकोसा व्हायचा. वर निलगिरीच्या पठारावर मात्र हवा थंड आहे, अशी बातमी त्याच्या कानावर आली होती. 1819 मध्ये तो स्वतः डोंगर चढून गेला आणि तिथल्या हवेच्या प्रेमातच पडला. 1822 मध्ये त्याने उटीत दगडी घराचं काम सुरू केलं. उटीतलं हे पहिलं युरोपीय घर.

मग त्याने तळं बांधून घेतलं, बटाटा आणि इतर विलायती भाज्या लावून पाहिल्या. पाठोपाठ आजारी शिपाई, अधिकारी आणि त्यांची कुटुंबंही हवापालटासाठी वर येऊ लागली.

पण जागा कुणाची होती?

ते पठार काही रिकामं नव्हतं. तिथे तोडा लोक राहत होते. म्हशी पाळणं हे त्यांचं जगणं आणि त्यांचा धर्मही. बांबू, वेत आणि गवत वापरून ते अर्धगोल छपराची घरं बांधत. त्यांच्या वस्तीला 'मंड' म्हणतात. उटीच्या जुन्या नावात, म्हणजे उटकमंडमध्ये, तोच शब्द आहे.

सलिव्हनने तोडांकडून एकरी एक रुपया दराने जमीन घेतली. तोडांसाठी जमीन म्हणजे म्हशी चारायचं कुरण. ती विकून कायमची हातची जाते, ही कल्पना त्यांच्या व्यवहारात नव्हती. सलिव्हनसाठी मात्र तो रीतसर खरेदीचा व्यवहार होता.

इथेच गोष्टीला वळण मिळतं

ज्याने इतक्या स्वस्तात जमीन घेतली, तोच अधिकारी पुढे सरकारशी भांडला. निलगिरीच्या जमिनीचे खरे मालक तोडाच आहेत, त्यांना मोबदला मिळालाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. मद्रास सरकारमधल्या वरिष्ठांना ते पटलं नाही. गव्हर्नर लशिंग्टनच्या काळात निलगिरीचा कारभार सलिव्हनच्या हातून काढून लष्करी अधिकाऱ्याकडे देण्यात आला. शेवटी सरकारने तोडांचा चराईचा हक्क तेवढा मानला, मालकी नाही.

हा फरक कागदावर छोटा दिसतो, पण चराईचा हक्क असलेल्या माणसाला जमीन विकण्यापासून कुणाला अडवता येत नाही. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कुरणांच्या जागी चहाचे मळे, बटाट्याची शेतं, निलगिरीची लागवड आणि शहर आलं. ज्याला आपण मराठीत 'निलगिरीचं झाड' म्हणतो, ते मूळचं ऑस्ट्रेलियातलं. गवताची कुरणं आटत गेली, तशा म्हशीही कमी झाल्या. आज तोडांची संख्या जेमतेम दोन हजारांच्या आसपास आहे.

घराचं पुढे काय झालं?

सलिव्हनलाही हे घर कायमचं लाभलं नाही. 1838 मध्ये त्याची पत्नी हेन्रिएटा आणि मुलगी हॅरिएट वारल्या. उटीच्या सेंट स्टीफन्स चर्चच्या आवारात दोघींच्या कबरी आहेत. 1841 मध्ये तो इंग्लंडला परतला आणि 1855 मध्ये तिथेच वारला. म्हातारपणीही त्याचं भांडण थांबलं नव्हतं. कंपनीने भारतातल्या संस्थानिकांशी केलेले करार पाळावेत, अशी बाजू मांडणारी पुस्तिका त्याने 1853 मध्ये लिहिली होती.

पुढे उटी मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली आणि स्टोनहाऊस सरकारी कचेरी. दरवर्षी उन्हाळा आला की मद्रासचं सरकार फायलींसकट डोंगर चढायचं आणि या घरातून कारभार हाकायचं. स्वातंत्र्यानंतर, 1955 मध्ये, इथे सरकारी कला महाविद्यालय सुरू झालं.

कलेक्टरचं घर, सरकारची कचेरी आणि आता कॉलेज, असा हा प्रवास. प्रत्येक वेळी मालकीची नोंद कागदावर झाली. ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांचं कुरण मात्र हिशेबात कधी धरलंच गेलं नाही.

पुढच्या वेळी उटीला गेलात, तर तळ्यावर फोटो काढून झाल्यावर थोडा वेळ या दगडी घरासाठीही ठेवा. आणि त्याच्याकडे बघताना त्याआधी तिथे चरणाऱ्या म्हशीही आठवा.