मेंदूतील काळी पट्टी

बेंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजेच ‘निम्हान्स’मध्ये, मानवी मेंदूंचे एक संग्रहालय आहे. या संस्थेत १९९५ साली मेंदू-पेढी सुरू झाली. डॉ. एस. के. शंकर हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. मृत व्यक्तीच्या नातेवाइकांनी संमती दिली, तरच तिचा मेंदू या पेढीस मिळतो. घरात दुःख असताना असा निर्णय घेणे सोपे नसते.

जिवंत मेंदू लोण्यासारखा मऊ असतो. फॉर्मॅलिन या द्रावणात ठेवल्यावर तो घट्ट होतो. त्याचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम भरते. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम २ टक्के भाग असतो. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ही ऊर्जा प्रामुख्याने पेशींमधील संदेशवहनासाठी खर्च होते.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. प्रत्येक चेतापेशीला फांद्यांसारखे शिखातंतू आणि एक लांब अक्षतंतू असतो. शिखातंतू संदेश घेतात व अक्षतंतू तो पुढे नेतो. पेशीच्या आत हा संदेश विद्युत-स्वरूपात धावतो. मात्र दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. तेथे अक्षतंतूच्या टोकातून रासायनिक द्रव्य पाझरते आणि ते पलीकडच्या पेशीला जागे करते किंवा शांत करते. नदीवर पूल नसेल तेथे नाव लागते, तसाच हा प्रकार आहे.

अशा द्रव्यांपैकी एक म्हणजे डोपामिन. मध्यमेंदूचा आडवा छेद घेतला, तर त्यात दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टी नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिला ‘कृष्णद्रव्य’ म्हणतात. तेथील पेशी डोपामिन तयार करतात व ते मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना पुरवतात. सुईत दोरा ओवणे, कपबशी उचलणे, चालताना हात हलवणे या हालचाली त्यामुळे सहज होतात.

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन विकाराच्या, रुग्णाचा मेंदू छेदून पाहिल्यास ही पट्टी फिकट, कधी जवळजवळ नाहीशी झालेली आढळते. अशा रुग्णाचा हात स्वस्थ बसला असतानाही थरथरतो, चाल मंदावते, चेहरा भावहीन वाटतो. घरच्या माणसांना तो आळस किंवा रुसवा वाटण्याची शक्यता असते. वस्तुतः त्या व्यक्तीची इच्छाशक्ती शाबूत असते. इच्छा स्नायूंपर्यंत नेणाऱ्या व्यवस्थेत द्रव्याची उणीव असते.

डोपामिन औषध म्हणून दिले तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात. ते मेंदूत पोहोचते व तेथे त्याचे डोपामिन होते. (अंगाला लागताच खाज आणणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते, पण त्या स्वतःच्या मनाने खाणे धोक्याचे आहे.) या औषधाने हालचाली सुधारतात, गेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत.

अडचण अशी, की हात थरथरू लागेपर्यंत कृष्णद्रव्यातील बऱ्याच पेशी नष्ट झालेल्या असतात. उरलेल्या पेशी दीर्घकाळ काम सांभाळून घेतात, म्हणून बाहेरून काही जाणवत नाही. पेशींची ही हानी कशी सुरू होते, याचा शोध घेण्यासाठी संशोधक मेंदू-पेढीत जतन केलेले ऊतींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.