शाळेत मुलाला मारहाण झाली? एनसी आणि एफआयआर यांत फरक काय. कायदा काय सांगतो, जाणून घ्या

गृहपाठ केला नाही म्हणून हातावर पट्टी, वर्गात बोलला म्हणून कानशिलात. मुलाच्या अंगावरचे वळ पाहून पालक पोलिस ठाणे गाठतात आणि बऱ्याचदा हातात फक्त एनसीची प्रत घेऊन परततात. शाळेत मारायला बंदी आहे, मग गुन्हा का नोंदवला जात नाही, असा प्रश्न त्यांना पडतो. याचं उत्तर दुखापतीच्या स्वरूपात आणि तिच्या वैद्यकीय नोंदीत आहे.

शाळेत मारण्यावर बंदी कोणत्या कायद्याने?

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. मात्र या कलमाखाली तुरुंगवास नाही. दोषी शिक्षकावर सेवा नियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. शिवाय हा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांच्या बाबतीत इतर कायद्यांकडे वळावं लागतं.

फौजदारी गुन्हा कधी होतो?

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यानुसार शारीरिक वेदना देणं हीसुद्धा 'दुखापत' ठरते. कलम 115(2) खाली त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, 10 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे पोलिस नोंद घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. हीच ती एनसी.

दुखापत 'गंभीर' असेल तर चित्र बदलतं. हाड मोडणं, दात पडणं, एका कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं हे सगळं गंभीर दुखापतीत मोडतं. 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा त्या काळात रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरीही दुखापत गंभीर मानली जाते. जुन्या दंड संहितेत ही मुदत 20 दिवसांची होती. कलम 117(2) नुसार यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याने पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो.

बाल न्याय कायद्याचा उपयोग होतो का?

होतो. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 नुसार, ताब्यातील मुलाला मारहाण करून विनाकारण त्रास देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे कलम 18 वर्षांखालील सर्व मुलांना लागू आहे. मात्र 2021 च्या दुरुस्तीने या कायद्यातील तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. त्यामुळे केवळ या कलमावर अवलंबून राहिल्यास तपास अडू शकतो. तक्रारीतील एक जरी गुन्हा दखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र धरलं जातं.

शिक्षक बचावात काय सांगतात?

'मुलाच्या भल्यासाठीच शिक्षा केली.' न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये 12 वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे. पण शिस्तीच्या नावाखाली मुद्दाम गंभीर दुखापत केली, तर हे संरक्षण मिळत नाही.

मुलांनी मुलांना मारलं तर?

सात वर्षांखालील मुलाचं कृत्य गुन्हा ठरत नाही. 7 ते 12 वयोगटात मुलाची समज पाहिली जाते. गुन्हा करणारा 18 वर्षांखालील असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

पालकांनी शिक्षकावर हात उचलला तर?

तोही गुन्हाच आहे. जिल्हा परिषद किंवा पालिका शाळेतील शिक्षक लोकसेवक असतात. कर्तव्य बजावताना त्यांना रोखण्यासाठी दुखापत केली, तर कलम 121 नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पालकांनी काय करावं?

• त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. मारहाण कशाने झाली, हे केसपेपरवर लिहायला सांगा.
• वळ, सूज यांचे तारखेसह फोटो काढा. त्रास सुरूच राहिला तर पुन्हा तपासणी करा. 15 दिवसांचा निकष सिद्ध करायला हेच कागद लागतात.
• मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.
• शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 नुसार जिल्हा परिषद किंवा पालिकेकडे तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.
• दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेतला नाही, तर पोलिस अधीक्षकांकडे आणि नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एनसी असेल तरी दंडाधिकाऱ्यांकडे थेट तक्रार करता येते.
• तातडीच्या मदतीसाठी चाइल्डलाइन 1098 किंवा 112 वर फोन करा.