पानं शिवणाऱ्या मुंग्यांपाशी

जवळचं माणूस गेलं की सगळे सांगतात, ‘मन कशात तरी रमव.’ आणि मन खरंच रमलं की पोटात कालवतं: इतक्यात विसरलो? नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये शोकाची जी मांडणी केली, ती या अपराधी भावनेवर मला फार मोलाची वाटते. शोक सरळ रेषेत ओसरत नाही, असं ते म्हणतात. माणूस कधी आठवणीत बुडतो, कधी रोजच्या जगण्याकडे वळतो, पुन्हा आठवणीकडे येतो. या ये-जा करण्यातूनच तो सावरतो. मधली विश्रांती ही पळवाट नसते.

आई गेली तेव्हा ही विश्रांती मला कोकणातल्या आमच्या देवराईत मिळाली, ती ओंबिलांमुळे. झाडावर पानं शिवून घरटं करणाऱ्या या लाल मुंग्या. दोन पानांतलं अंतर जास्त असलं की एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची. अशा जिवंत साखळ्या आखडत जातात आणि पानं जवळ येतात. मग काही कामकरी मुंग्या तोंडात अळ्या धरून येतात. प्रौढ मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. मुंगी मिशांनी पानाची कड चाचपते, अळीचं डोकं तिथे टेकवते, मग समोरच्या पानाला, पुन्हा इकडे. दर खेपेला पांढरा धागा ओढला जातो. सगळं रेशीम घरट्यालाच जातं. या अळ्या स्वतःभोवती कोश विणत नाहीत.

रुग्णालयातली शेवटची रात्र माझ्या डोक्यात सतत फिरत असे. मुंग्यांकडे पाहताना ती थांबली.

असं का होत असावं? लक्ष आपसूक वेधणाऱ्या, पण मेंदूला न शिणवणाऱ्या गोष्टी निसर्गात भरपूर असतात, अशी उपपत्ती रेचल आणि स्टीफन कॅपलान यांनी 1989 च्या पुस्तकात मांडली. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना 90 मिनिटं झाडागवतातून, तर काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालवलं. झाडांतून फिरून आलेल्यांचं तेच तेच उगाळणं कमी झालं होतं आणि त्या उगाळण्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली होती. मात्र ही माणसं निरोगी होती, शोकात नव्हती. त्यामुळे जंगल हे शोकावरचं औषध ठरलं, असं कुणी म्हणू नये.

तरी शोकात निसर्गाकडे वळलेली माणसं आहेत. लाँग लिट वून या मलेशियात जन्मलेल्या, नॉर्वेत स्थायिक झालेल्या मानववंशशास्त्रज्ञ. 2010 मध्ये पती अचानक गेले आणि त्या अळंब्या ओळखण्याच्या वर्गाला जाऊ लागल्या. खाण्याजोगी कुठली, विषारी कुठली, हे ठरवायला टोपी, दांडा, वास, रंग सगळं निरखावं लागतं. चूक जिवावर बेतू शकते, म्हणून लक्ष पूर्ण द्यावंच लागतं. पुढे परीक्षा देऊन त्या अधिकृत अळंबी-तपासनीस झाल्या.

त्यांनी पतीला विसरण्यासाठी हे केलं नाही. अळंब्या आणि पतीवियोग या दोन्हींवर मिळून त्यांनी एकच पुस्तक लिहिलं, 2017 मध्ये.