दंतवैद्याकडे पोहोचण्यापूर्वी

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘तातडीचे’ या शब्दाची फारशी धास्ती वाटत नाही. ज्या कागदावर ‘तातडीचे’ असे लिहिलेले असते तो आठवड्याने पाहिला तरी चालतो, आणि ज्यावर ‘अतितातडीचे’ असा शिक्का असतो त्यालाही बहुधा दोन दिवस थांबवता येते, हे ज्ञान नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच प्राप्त होते. मात्र आयुष्यात काही प्रकरणे अशी येतात, की त्यांच्यावर कोणताही शिक्का नसतो आणि तीच खरोखर तातडीची असतात. हे मला शिकवले ते एका दाताने; तोही माझा नव्हे, माझ्या भाच्याचा.

मी भोपाळला असतानाची गोष्ट. एका रविवारी संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या मैदानावर मुले क्रिकेट खेळत होती. सुटीत आमच्याकडे आलेला माझा अकरा वर्षांचा भाचा यष्टीमागे उभा होता. चेंडू उसळून त्याच्या तोंडावर बसला आणि वरचा एक पटाशीचा दात मुळासकट बाहेर पडला. मुले त्याला घरी घेऊन आली. एकाच्या मुठीत मातीने माखलेला तो दात होता. मी मोठे प्रसंगावधान दाखवले, असे निदान त्या वेळी मला वाटले. नळाखाली धरून मी दात साबणाने स्वच्छ धुतला, मुळाला चिकटलेला तांबूस पापुद्रा रुमालाने घासून काढला, कोऱ्या कागदात त्याची नीटनेटकी पुडी बांधली आणि मग दवाखाना शोधायला निघालो. रविवार असल्यामुळे दोन दवाखान्यांना कुलूप होते. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टर भेटले तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. त्यांनी पुडी सोडली, दात न्याहाळला आणि शांतपणे विचारले, “घरात दूध नव्हते का?”

दूध होते. चांगले पातेलेभर होते. परंतु दुधाचा आणि पडलेल्या दाताचा काही संबंध असू शकतो, हे माझ्या एम. ए.च्या पदवीला ठाऊक नव्हते.

तो संबंध असा. भिंतीत खिळा ठोकावा तसा दात जबड्यात ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती एक पातळ, जिवंत आवरण असते आणि त्या आवरणातील तंतूंनी तो हाडाशी बांधलेला असतो. दात निखळतो तेव्हा या आवरणाचा काही भाग मुळावरच चिकटून राहतो आणि त्यातील पेशी थोडा काळ जिवंत असतात. तेवढ्यात दात पुन्हा आपल्या जागी गेला, तर तो पूर्ववत रुजण्याची चांगली आशा असते. परंतु या पेशी फार नाजूक असतात. उघड्या हवेत दात कोरडा राहिला, तर साधारण एका तासात त्या जवळजवळ सगळ्या मरतात. साध्या पाण्यात ठेवल्या, तर पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. दुधातील क्षारांचे प्रमाण मात्र आपल्या शरीरातील द्रवांशी बरेच मिळतेजुळते असल्यामुळे गार दुधात त्या काही तास तग धरू शकतात. मी मोठ्या निगुतीने घासून काढलेला तांबूस पापुद्रा म्हणजेच ते आवरण होते.

म्हणून असा प्रसंग आला तर काय करावे, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे. दात शोधावा आणि तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या भागालाच धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने, ते नसेल तर काही क्षण पाण्याच्या बारीक धारेखाली नुसता खळबळून घ्यावा. घासू नये, साबण लावू नये. जखमी व्यक्ती शुद्धीवर व शांत असेल, तर दाताची पुढची बाजू पुढे ठेवून तो हलक्या हाताने त्याच खाचेत बसवावा, स्वच्छ रुमालाची घडी दातांखाली हळूच धरायला सांगावी आणि तसेच दंतवैद्याकडे जावे. पहिल्या काही मिनिटांत हे साधले, तर त्याहून उत्तम उपचार नाही. हे करण्याचे धैर्य झाले नाही, तर दात कपभर गार दुधात बुडवून न्यावा. दूधही नसेल, तर जखमी व्यक्तीची स्वतःची लाळ एका भांड्यात घेऊन तीत ठेवावा. पुढे डॉक्टर तो दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करतात. दाताचा नुसता तुकडा उडाला असेल, तर तोही दुधात घालून न्यावा. पुष्कळदा तो परत चिकटवता येतो.

येथे दोन अपवाद सांगणे अवश्य आहे. पहिला दुधाच्या दाताचा. तो पडला तर पुन्हा बसवू नये, कारण त्याच्याखाली कायमचा दात तयार होत असतो आणि त्याला इजा पोहोचण्याचा संभव असतो. दात दुधाचा की कायमचा हे कळत नसेल, तर तो न बसवता दुधात ठेवावा आणि निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. दुसरा अपवाद डोक्याच्या माराचा. मूल बेशुद्ध झाले असेल, ओकत असेल किंवा गुंगीत असेल, तर दात बाजूला राहू द्यावा आणि प्रथम रुग्णालय गाठावे.

परंतु क्रिकेटचा चेंडू काही रोज लागत नाही. रोज घडणारी आपत्ती म्हणजे दाढदुखी, आणि तिला रात्रीची वेळ विशेष प्रिय असते. याचे कारणही पाहण्याजोगे आहे. दाताच्या पोटात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा एक मऊ गाभा असतो. आपण त्यालाच ढोबळपणे ‘नस’ म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की गाभा सुजतो. हाताला सूज आली तर कातडी ताणली जाते. येथे मात्र चारी बाजूंनी दगडासारख्या भिंती! सुजेला जागाच नाही. म्हणून नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ठणका उठतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. उशा उंच करून किंवा टेकून बसून रात्र काढली, तर थोडा उतार पडतो तो यामुळेच.

अशा रात्री काय करावे? कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. दातांत अन्न अडकले असेल तर ते दोऱ्याने काढावे, टाचणीने नव्हे. गालावरून गार पट्टी ठेवावी. शेक देऊ नये. पॅरासिटामॉलची गोळी वेष्टनावरील मात्रेत घेता येते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दाढदुखीवर गुणकारी खऱ्या. पण जठरात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गरोदरपण असेल, अथवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्यांच्या वाटेस जाऊ नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेत दाबून धरण्याची जुनी रीत आहे. तिने दाढ राहत नाहीच, वर हिरडी मात्र भाजते. लवंगेचे तेल थेंबभर, कापसाच्या बोळ्याने, किडीच्या पोकळीत लावावे. त्यातील युजेनॉल या द्रव्याने वेदना काही काळ बधिर होते. पण तेच तेल हिरडीवर ओतले तर तेथेही जखम होते. आपल्याकडे दाढदुखीवर मिश्री लावण्याची सवय कित्येक घरांत आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दाढ राहो वा न राहो, व्यसन मात्र राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाला ते निमंत्रणच ठरते.

आता यातील सर्वांत फसवी गोष्ट सांगतो. पुष्कळदा दोनचार दिवसांनी ठणका आपोआप थांबतो. माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो आणि दंतवैद्याकडे जाणे रहित करतो. वस्तुतः त्या वेळी दाढ बरी झालेली नसते. तिचा गाभा मेलेला असतो. ओरडणाराच उरला नाही, म्हणून ओरड थांबली, इतकेच. जंतूंचे काम चालूच असते. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथे पू साठू लागतो.

आमच्या कचेरीतील एका जीपचालकाच्या बाबतीत मी हे प्रत्यक्ष पाहिले. निवडणुकीच्या कामाची धांदल होती. त्याची खालची दाढ तीन दिवस ठणकली आणि थांबली. “साहेब, आता बरे आहे,” असे त्याने सांगितले आणि मलाही ते सोयीचे वाटले. त्या दिवसांत दुसरा चालक कोठून आणणार? पाचव्या दिवशी त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंनी टणक सूज आली, तोंड उघडेना, आणि रात्री तो लाळही गिळू शकेना. ती रात्र जिल्हा रुग्णालयात गेली. तेथील शल्यचिकित्सकांनी पू काढून दिला, म्हणून तो वाचला. या विकाराचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने 1836 मध्ये केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. यात जिभेखालची जागा सुजून जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होण्याचा धोका असतो. दाढेने माणूस दगावतो, ही अतिशयोक्ती नव्हे.

म्हणून काही लक्षणे प्रत्येकाने पाठ करावीत. गालावर किंवा जबड्याखाली वाढत जाणारी सूज, तीसोबत ताप, तोंड न उघडणे, गिळण्यास त्रास, आवाजात बदल, श्वास लागणे, अथवा सूज डोळ्यापर्यंत चढणे. यांतील काहीही दिसले, तर दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. सरळ मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा किंवा 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दात काढल्यानंतर रक्त थांबत नसेल, तर स्वच्छ कापडाची जाड घडी त्या जागी ठेवून अर्धा तास घट्ट दाबून धरावी, मधूनमधून उघडून पाहू नये व चुळा भरू नयेत. तरीही न थांबल्यास हाच मार्ग. आणखी एक सूचना प्रौढांसाठी. खालचा जबडा श्रमाबरोबर दुखत असेल, सोबत घाम, धाप किंवा छातीवर दडपण असेल, तर दुखणे दाढेचे नसून हृदयाचे असू शकते. तेथे लवंगेचे तेल शोधत बसू नये.

राहता राहिला प्रश्न कोणाकडे जावे याचा. पदपथावर पेटी मांडून बसणारे दात काढणारे आजही आढळतात. स्वस्ताईचा मोह मी समजू शकतो. पण नीट निर्जंतुक न केलेल्या अवजारांतून काविळीसारखे रोग रक्तात शिरतात. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यास काढले. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा 1948 मध्ये झाला, आणि त्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने 2023 मध्ये संमत केला. तेव्हा डॉक्टर नोंदणीकृत आहेत काय, हे विचारणे उद्धटपणाचे नव्हे. तो आपला अधिकार आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तशीच ती इंदूर, हैदराबाद, बंगळुरू येथेही आहेत, जेथे आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अनेक जिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. बदलीच्या गावी गेल्यावर आपण दूधवाला, पेपरवाला यांची चौकशी पहिल्याच दिवशी करतो. त्याच दिवशी जवळचा दंतवैद्य कोण, रविवारी व रात्री कोण भेटते, हेही विचारून ठेवावे आणि तो क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहावा.

माझ्या भाच्याचा दात डॉक्टरांनी त्या रात्री बसवला, पण फार आशा ठेवू नका असेही सांगितले. तसेच झाले. आवरण मेलेले असल्यामुळे हाडाने ते मूळ हळूहळू खाल्ले आणि चार वर्षांनी दात गेला. आज तो महाविद्यालयात आहे आणि त्या जागी कृत्रिम दात आहे. “मामाने माझ्या दाताला अंघोळ घातली,” असे तो मित्रांना हसत सांगतो. मीही हसतो. पण हसताना त्याचा तो दात दिसतो, आणि ते पातेलेभर दूध मला आठवते.