एका प्रोग्रामने सर्व्हरची सगळी रॅम गिळू नये म्हणून…

छत्रपती संभाजीनगरात लिनक्स शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कर्नलमधली 'सी-ग्रुप' ही सोय जरूर हाताळून बघा! प्रोसेसचे गट करून प्रत्येक गटाला मेमरीचा वाटा ठरवून देता येतो. गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं. मेमरी कंट्रोलर २००८ च्या २.६.२५ आवृत्तीत आला, त्यात आयबीएमच्या बलबीर सिंग यांचा मोठा वाटा.

सगळे आधी 'मेमरी.मॅक्स' ही गटाची कमाल मर्यादा शिकतात. गट त्या मर्यादेला टेकला की कर्नल त्याच गटाकडून मेमरी परत घेतो. तरी जागा होईना तर गटातली एखादी प्रोसेस मारतो. मला मात्र 'मेमरी.हाय' जास्त मोलाची वाटते. ती ओलांडल्यामुळे कुणी मारलं जात नाही, गटाचा वेग मंदावतो आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. डेटाबेसला आधी हीच लावा.

'मेमरी.लो' समजायला आपलं जायकवाडी धरण आठवा. पाण्याविषयीच्या २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपामुळे टंचाईतही खालच्या धरणाचा वाटा वरच्या धरणांना मानावा लागतो. तसंच मेमरी आटली की कर्नल आधी इतर गटांकडून वसुली करतो, 'मेमरी.लो' लावलेल्या गटाला त्या आकड्यापर्यंत शक्यतो हात लावत नाही.

आणि हो, वाचलेल्या फाइलींची पेज कॅशही गटाच्याच खात्यात पडते. म्हणून गटाचा सध्याचा वापर दाखवणारं 'मेमरी.करंट' फुगलेलं दिसलं तर लगेच मर्यादा वाढवू नका. आधी 'मेमरी.इव्हेंट्स' उघडा आणि 'ओओएम_किल'समोरचा, म्हणजे मेमरीअभावी मारलेल्या प्रोसेसचा आकडा बघा.